ओंडक्याची परीक्षा

अमेरिकेच्या केंटकी राज्यात हॉजनव्हिल नावाचे एक गाव आहे. गावाजवळ एका टेकाडावर ग्रीक मंदिराच्या घाटाची एक भव्य दगडी इमारत उभी आहे. तिच्या पायऱ्या बरोबर छप्पन्न आहेत, कारण अब्राहम लिंकन छप्पन्न वर्षे जगला. आत गेल्यावर दिसते ती एक लहानशी, अंधारी, ओंडक्यांची झोपडी. १८०९ साली लिंकन जन्मला तीच ही झोपडी, अशा श्रद्धेने अनेक पिढ्यांनी तिचे दर्शन घेतले. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते या स्मारकाची कोनशिला बसली आणि १९११ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले.

शंका घेणारे पहिल्यापासून होते. हे ओंडके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रदर्शनांमधून गावोगाव फिरवले गेले होते. मध्यंतरी ते दुसऱ्या एका ऐतिहासिक झोपडीच्या ओंडक्यांत मिसळलेही होते. पण कागदपत्रांनी वाद मिटेना. शेवटी साक्ष काढली ती ओंडक्यांचीच. २००४ साली त्यांतील वार्षिक वलये तपासण्यात आली, तेव्हा कालनिश्चिती करता आलेला सर्वांत जुना ओंडका १८४८ सालचा निघाला. त्या वर्षी लिंकन एकोणचाळीस वर्षांचा होता. आता त्या झोपडीला 'प्रतीकात्मक' झोपडी म्हणतात.

ओंडका खोटे बोलत नाही हे इथे वलयांमुळे कळले. पण ओंडक्यांची घरे बांधणाऱ्या सुतारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. फक्त त्यांचा प्रश्न वेगळा असे. हे झाड केव्हा तोडले यापेक्षा, हे झाड कसे वाढले आणि भिंतीत घातल्यावर ते काय करील, याची त्यांना चिंता असे. या परीक्षेचा इतिहास मजेदार आहे. सुताराच्या तळहातात असलेले ज्ञान छापील 'श्रेणी'त कसे उतरले, आणि त्यातले काय उतरता उतरेना, याची ती गोष्ट आहे.

आधी ओंडक्यांचे घर म्हणजे काय ते नीट पाहू. आपल्याकडच्या वाड्यात लाकूड असते ते खांबांत आणि तुळयांत. भार त्यांच्यावर, भिंत नुसती भरलेली. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया या उत्तरेकडच्या देशांत मात्र झाडांचे अख्खे बुंधे आडवे, एकावर एक रचून भिंत उभी करतात. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवतात. सांगाडा वेगळा नाही. भिंत हाच सांगाडा. दोन ओंडक्यांच्या फटीत शेवाळ दाबून भरले की थंडी बंद. पाइन आणि स्प्रूस ही तिथली सूचिपर्णी झाडे सरळसोट वाढतात म्हणून हे शक्य झाले. वडा-पिंपळाच्या देशात ही कल्पना कुणाला सुचली नसती यात नवल नाही.

या पद्धतीची ताकद पाहायची तर रशियातील ओनेगा सरोवराच्या किझी बेटावरचे, १७१४ सालचे चर्च पाहावे. सदतीस मीटर उंच, बावीस घुमट, आणि सारे पाइनच्या ओंडक्यांचे. त्यात एकही खिळा नाही असे कौतुकाने सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ओंडक्यांच्या सांध्यांना खिळे नाहीत हे खरे, पण घुमटांवरचे ॲस्पेन लाकडाचे खवले खिळ्यांनीच ठोकलेले आहेत. विसाव्या शतकात हे चर्च खालून कुजू लागले आणि कलू लागले. तेव्हा आत पोलादी सांगाडा घालून वरचा भाग अधांतरी तोलून धरला आणि खालपासून एकेक थर सोडवून दुरुस्त केला. कुजलेला ओंडका सरसकट फेकला नाही. शक्य तिथे वाईट भाग कापून तेवढाच नवा तुकडा बसवला. या कामाला दहा वर्षांच्या आसपास लागली.

अमेरिकेत ही पद्धत कुणी नेली याविषयीही एक दंतकथा होती. इंग्लंडहून आलेले पहिले वसाहतवाले ओंडक्यांच्या झोपड्यांत राहत, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवले जाई. हॅरल्ड शर्टलेफ या अभ्यासकाचे पुस्तक १९३९ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले आणि त्याने ही समजूत मोडून काढली. इंग्रजांना ही विद्या माहीतच नव्हती. ते आपल्या देशासारखी चौकटीची, फळ्यांची घरे बांधत. ओंडक्यांचे घर आणले ते १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी उतरलेल्या स्वीडिश लोकांनी. त्यांच्यात पुढे फिनलंडच्या जंगलातले शेतकरीही बरेच आले. नंतर ही झोपडी गरिबीतून वर आलेल्या माणसाची खूण बनली. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन याने तर तिचाच प्रचार केला, आणि हा गृहस्थ जन्मला होता व्हर्जिनियातील एका मळेवाल्याच्या प्रशस्त वाड्यात! राजकारणातल्या झोपड्यांचे ओंडके तपासायला वलये मोजावी लागत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. विटांच्या भिंतीत एखादी वीट कच्ची निघाली तर फारसे बिघडत नाही. ओंडक्यांच्या भिंतीत एकेक ओंडका पंधरा-वीस फूट लांब. तो पुढे वाकला, पिळला किंवा कुजला तर त्याच्या वरचे सगळे हलते आणि तो मधूनच काढताही येत नाही. शिवाय लाकूड तोडल्यावर 'स्वस्थ' बसत नाही. ओल्या लाकडातले पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भित्तिकांत. पोकळीतले पाणी आधी जाते, तेव्हा लाकूड हलके होते पण आकार बदलत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्के एवढे पाणी उरले, की भित्तिकांतले पाणी जाऊ लागते आणि तेव्हापासून लाकूड आकसते. या टप्प्याकडे अमेरिकेतील हॅरी टीमन याने १९०६ मध्ये लक्ष वेधले आणि त्याला तंतु-संपृक्तता बिंदू असे नाव मिळाले.

आकसणेही सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य, हजारात एक-दोन भाग. त्रिज्येच्या दिशेने पूर्ण वाळल्यावर साधारण चार टक्के, आणि परिघाच्या दिशेने त्याच्या जवळजवळ दुप्पट. आता फळ्यावर एक उदाहरण सोडवून पाहा. बारा इंच व्यासाच्या ओंडक्याचा परीघ सुमारे ३७.७ इंच. त्रिज्या चार टक्के कमी झाली तर नव्या वर्तुळाला ३६.२ इंच परीघ हवा. पण परिघाचे लाकूड आठ टक्के आकसून ३४.७ इंचच उरले. हा दीड इंच आणायचा कुठून? ओंडका तडकतो तो यामुळे. प्रत्यक्षात घरातले लाकूड इतके कोरडे होत नाही आणि ही तूट अनेक लहान भेगांत वाटली जाते, पण हिशेब हाच. जाणते सुतार या भेगेलाही जागा नेमून देतात. ओंडक्याच्या वरच्या अंगाला करवतीने लांबच लांब खोल चीर पाडून ठेवतात. भेग तिथेच उमलते, वरच्या ओंडक्याखाली झाकली जाते आणि तिच्यात पावसाचे पाणी जात नाही.

भिंतीच्या उंचीचेही तसेच. ओल्या ओंडक्यांच्या भिंतीला दर फुटामागे पाऊण इंच खचण्याची सूट ठेवावी, असा नियम आहे. यात आकसणे आले आणि भाराने खाचा घट्ट बसणेही आले. आठ फुटांची भिंत म्हणजे सहा इंच! म्हणून दारा-खिडक्यांच्या चौकटींवर रिकामी जागा सोडतात आणि ती फळीआड लपवतात. घरात उभा खांब असेल तर आणखी पंचाईत. खांबाची लांबी आकसत नाही, भिंत मात्र सहा इंच उतरणार. तेव्हा खांबाच्या टोकाला स्क्रू-जॅक बसवतात आणि दरवर्षी तो थोडा थोडा उतरवतात. हे विसरले तर छप्पर खांबावर लटकते आणि भिंतीत फटी पडतात.

असे असताना ओंडका निवडायचा कसा? पाइनसारख्या झाडांत वलये दाट आहेत का, हे पाहण्याची रीत जुनी आहे. थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या झाडात उन्हाळ्याच्या अखेरच्या दाट लाकडाचे प्रमाण जास्त असते. इथे एक सूचना करावीशी वाटते. हा नियम सगळ्या झाडांना लावू नये. ओकसारख्या, वलयात मोठ्या छिद्रांची रांग असणाऱ्या झाडांत उलट रुंद वलयांचे लाकूड जड निघते. 'सावकाश वाढलेले ते मजबूत' हे वाक्य ऐकायला सुंदर असले तरी वनस्पतिशास्त्र ते सर्वत्र मान्य करीत नाही. दुसरी गोष्ट, गाभ्याचे लाकूड किती आणि बाहेरचे फिके रसकाष्ठ किती. रसकाष्ठ लवकर कुजते. नॉर्वेत तर काही ठिकाणी झाड उभे असतानाच त्याची साल सोलून ते काही वर्षे तसेच ठेवत, म्हणजे लाकडात राळ भरे आणि ते टिकाऊ होई.

गाठींबद्दल आपण उगाच घाबरतो. फळीत गाठ वाईट, कारण करवत गाठीभोवती वळलेले तंतू मधेच कापून टाकते. अख्ख्या ओंडक्यात हे तंतू नदीतल्या खडकाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारखे गाठीला वळसा घालून पुढे अखंड जातात. तेवढ्याच गाठीची फळी आणि तेवढ्याच गाठीचा ओंडका यांत ओंडका उजवा ठरतो.

खरा शत्रू आहे तो पीळ. पुष्कळ झाडांचे तंतू सरळ वर न जाता खोडाभोवती मळसूत्रासारखे चढतात. असा ओंडका वाळताना ओल्या कपड्यासारखा पिळला जातो, आणि कोपऱ्यावरची खाच ते रोखू शकत नाही. पीळ ओळखण्याची सुतारांची युक्ती इतकी सोपी आहे की वर्गात सहज दाखवता येईल. उजवा तळहात ओंडक्यावर पालथा ठेवायचा, बोटे ओंडक्याच्या लांबीच्या दिशेने. तंतू अंगठ्याच्या बाजूला वळत असतील तर डावा पीळ, करंगळीच्या बाजूला वळत असतील तर उजवा. ओंडक्याच्या कोणत्याही टोकाला उभे राहा, उत्तर बदलत नाही. का बदलत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. कागदावर तिरक्या रेघा मारून त्याची सुरळी केली की पुरे.

आणि गंमत अशी की सुतारांना दोन्ही पीळ सारखे वाटत नाहीत. उजवा पीळ ते थोडाफार चालवून घेतात, डाव्या पिळाच्या ओंडक्याला मात्र बिचकतात. ऐकताना ही डाव्या-उजव्याची अंधश्रद्धा वाटावी. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण यामागे कारण आहे. उत्तरेकडील बहुतेक सूचिपर्णी झाडांत पहिल्या काही वर्षांचे तंतू डावीकडे वळलेले असतात. पुढे ते सरळ होतात आणि वय वाढेल तसे उजवीकडे झुकतात. म्हणजे उजव्या पिळाच्या ओंडक्यात आतला गाभा एकीकडे आणि बाहेरचे लाकूड दुसरीकडे ओढते, आणि दोघे एकमेकांना आवरतात. डावा पीळ बाहेरपर्यंत राहिला असेल तर आतबाहेर सारे एकाच दिशेने पिळले जाते. कुणी पेशी पाहण्यापूर्वी बिघडलेल्या भिंती पाहून लोकांनी हे ताडले होते.

आता श्रेणींकडे वळू. शिक्षकांना हा शब्द नवा नाही. लाकडाच्या प्रतवारीचे सर्वांत जुने लिखित नियम अठराव्या शतकाच्या मध्यातले, स्टॉकहोमच्या स्वान अल्वरडसन याचे मानतात. त्याने पाइनच्या फळ्यांच्या चार प्रती केल्या: उत्तम, चांगली, सामान्य आणि टाकाऊ. पण ही व्यापाऱ्याची प्रतवारी होती. फळी किती स्वच्छ दिसते आणि तिला भाव काय, एवढाच तिचा प्रश्न. ही फळी किती भार पेलेल, हे ती सांगत नसे. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात प्रत्येक प्रदेशाचे आणि व्यापारी संघाचे नियम वेगळे होते. देशभर एक लाकूड-मानक ठरले ते १९२४ मध्ये.

ताकदीचा प्रश्न प्रयोगशाळेत आला विसाव्या शतकात. १९१० साली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे अमेरिकेच्या वनविभागाची वनोपज प्रयोगशाळा सुरू झाली. तिथली रीत आपल्या उत्तरपत्रिका तपासण्यासारखी होती. आधी निर्दोष, बिनगाठीचे छोटे तुकडे मोडून त्या जातीचे पूर्ण गुण ठरवायचे आणि मग प्रत्यक्ष लाकडातील प्रत्येक दोषासाठी गुण कापायचे. तंतू दहा इंचांत एक इंच तिरके असतील तर वाकण्यातली ताकद सुमारे ८१ टक्के उरते. पाच इंचांत एक इंच असतील तर ५५ टक्केच. गाठीचे गुण तिचा आकार आणि जागा पाहून कापायचे. १९३४ साली टी. आर. सी. विल्सन याने या साऱ्याची मार्गदर्शिका लिहिली. आपल्याकडे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत (स्थापना १९०६) हेच काम एल. एन. सीमन आणि त्यांच्यानंतर व्ही. डी. लिमये यांनी भारतीय लाकडांसाठी केले. सागाला १०० गुण धरून बाकीच्या लाकडांना त्या मानाने आकडे देण्याची तिथली पद्धत आजही इमारती लाकडाच्या पुस्तकांत भेटते.

हे सारे शास्त्र चौकोनी, करवतलेल्या लाकडाचे. ओंडक्यांची घरे तोवर मागे पडली होती. १९७० च्या दशकात ती परत आली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बी. ॲलन मॅकी यांनी ही घरे बांधायला शिकवणारी शाळा चालवली आणि १९७४ मध्ये बांधणाऱ्यांची संघटनाही झाली. पण काळ बदलला होता. पूर्वी घर बांधणारा आणि राहणारा एकच असे. आता मध्ये कर्ज देणारी बँक आली, विमा कंपनी आली, नकाशा मंजूर करणारा निरीक्षक आला. 'हा ओंडका चांगला आहे, मी हात फिरवून पाहिला आहे' हे उत्तर त्यांना पुरेना. त्यांना आकडा हवा होता, आणि गोल, निमुळत्या, कडा नसलेल्या ओंडक्यासाठी आकडा कुणाकडेच नव्हता.

तोड निघाली ती भूमितीतून. ओंडक्याच्या आडव्या छेदात बसणारा आयत कल्पायचा आणि तेवढेच लाकूड आहे असे धरून श्रेणी द्यायची. बाहेरचे सारे जमेत धरायचे नाही. वर्तुळात बसणारा मोठ्यात मोठा चौरस घेतला तरी क्षेत्रफळाचा ६४ टक्केच भाग येतो, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त लाकूड हिशेबाबाहेर. उधळपट्टी वाटली तरी सुरक्षिततेच्या बाजूची. पुढे या धर्तीची मानके झाली, तपासनीस तयार झाले आणि ओंडक्यांवर श्रेणीचे शिक्के बसू लागले.

माझ्या मते इथे एक घोटाळा झाला. तुळईला ताकद लागते, ती वाकून मोडू शकते. पण भिंतीतला ओंडका वरपासून खालपर्यंत टेकलेला असतो. भाराने तो मोडल्याचे उदाहरण विरळाच. भिंती बिघडतात त्या पिळामुळे, खचण्याचा हिशेब चुकल्यामुळे आणि जमिनीलगतच्या ओलीमुळे. म्हणजे शिक्का ज्याची हमी देत होता ती अडचण फारशी नव्हतीच, आणि जी होती तिचे उत्तर त्या शिक्क्यात पुरते येत नव्हते. म्हणून शिक्का निरुपयोगी असे मी म्हणणार नाही. छपराच्या तुळया त्याच्याच भरवशावर घालाव्यात, आणि जंगलापासून शेकडो मैलांवर ओंडके विकत घेणाऱ्या माणसाला त्याशिवाय दुसरा आधारही नाही. पण बांधणाऱ्यांच्या संघटनेने स्वतःची मानके लिहिली तेव्हा त्यांत काय आले पाहा. पिळाला त्यांनी स्वतंत्र कलम दिले. डाव्या पिळाची मर्यादा उजव्यापेक्षा कडक ठेवली. जास्त डाव्या पिळाचा ओंडका उभा चिरून फक्त सर्वांत खालच्या थरात घालावा असे सांगितले, कारण तिथे साऱ्या घराचे वजन त्याला दाबून धरते. सर्वांत वरचा ओंडका मात्र सरळ तंतूंचाच हवा. त्याला दाबणारे छपराखेरीज काही नाही. आणि पीळ कसा ओळखावा याचे चित्र दिले आहे ते उजव्या पालथ्या तळहाताचे.

आपल्याकडे पाइनचे ओंडके सहज मिळणार नाहीत. पण बांधकामाच्या परांचीला लावलेले नीलगिरीचे वासे किंवा साल गळून वाळलेले एखादे उभे झाड बहुतेक शाळांच्या आसपास सापडते. वाळताना पडलेली भेग नेहमी तंतूंच्या वाटेनेच जाते. ती सरळ आहे की वळत गेली आहे, वळली असेल तर अंगठ्याकडे की करंगळीकडे, याची नोंद मुलांना करायला सांगावी. एकाच जातीचे दहा-वीस वासे पाहिले तर डावे किती आणि उजवे किती हेही मोजता येईल. नीलगिरी सूचिपर्णी नाही, तेव्हा पाइनचा नियम तिला लागू पडेलच असे धरून चालू नये.